टेस्ट बार वेगळा, माल वेगळा : कास्टिंग घेणाऱ्यांनो, सावध व्हा

ए३५६-टी६ (सिलिकॉन-मॅग्नेशियम मिसळून, तापवून कडक केलेलं ॲल्युमिनियम) चे २४० ओतीव लिव्हर आणि १७ टक्के सिलिकॉनच्या ॲल्युमिनियमचे ६० बुश, म्हणजे शाफ्टभोवती बसणाऱ्या नळ्या. सगळे पैसे आगाऊ दिले. ३१ लिव्हर मानेशी तुटले, ४४ बुशांनी शाफ्ट खरवडून टाकले. पुरवठादार आता फोनच उचलत नाही.

प्रमाणपत्र चोख होतं. लोह ०.१२ टक्के, ताणशक्ती भरपूर. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘नमुना : स्वतंत्र ओतलेला बार’. म्हणजे चाचणीची कांडी मालातून कापलेली नाही, वेगळी ओतलेली. तिथेच थांबायला हवं होतं, हे आठवलं की आजही जीव जळतो. पण तशी पद्धत सगळीकडे आहे. कोणीही सही केली असती. तो बारीक बार लोखंडी साच्यात झटकन थिजतो, त्यामुळे डेंड्राइटच्या (धातू थिजताना बनणाऱ्या झाडासारख्या स्फटिकांच्या) फांद्या दाट येतात आणि धातू मजबूत होतो. माझ्या लिव्हरची मान ३५ मिमी जाड आणि वाळूत सावकाश थिजलेली. वितळलेल्या धातूचा रस एकच असला तरी ताकद एक कशी असेल?

वर पुरवठादाराच्या माणसाने माझ्यासमोर हार्डनेस (कठीणपणा) मोजून दाखवला. आकडा बरोबर आला, कारण तो मुख्यतः मॅग्नेशियम आणि एजिंगवर (शेवटी मंद तापवून कडक करण्यावर) ठरतो. आतली छिद्रं त्यात दिसत नाहीत. फटीगची, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून वाढणारी भेग सरासरी बघत नाही, सर्वांत वाईट जागा शोधते. तुटलेल्या तोंडावर पृष्ठभागाच्या अगदी खाली अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र होतं. म्हणजे रसात विरघळलेला हायड्रोजन वायू नीट काढला नसणार. कापलेल्या तुकड्यात लोह ०.४८ टक्के निघालं! ए३५६ ला मर्यादा ०.२० ची. त्या लोहाच्या ठिसूळ पात्या सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारख्या पसरलेल्या दिसल्या.

स्ट्रॉन्शियमचं (रसात किंचित मिसळायचा धातू) तर विचारूच नका. लिव्हरमध्ये सिलिकॉन बारीक करायला ते हवं होतं, तिथे नव्हतं. बुशात नको होतं, तिथे सापडलं. भंगारातून आलं असणार. बुशातले सिलिकॉनचे मोठे कण फॉस्फरसने बारीक होतात, आणि स्ट्रॉन्शियम नेमका तोच परिणाम मारतं. मग ते ढेकळासारखे कण फुटून सुटले आणि दोन्ही पृष्ठभाग घासत बसले.

तक्रार केली, तर तक्रार घेणाऱ्या कार्यालयातले साहेब म्हणाले, “प्रमाणपत्रावर सगळं मर्यादेत आहे.” अहो, प्रमाणपत्रच खोटं आहे, हीच तर तक्रार आहे! मग म्हणाले, तुकडा तुम्ही स्वतः कापला, तो पुरावा कसा धरायचा? त्यांच्या प्रयोगशाळेने पुन्हा पुरवठादाराने ठेवलेला बारच तपासला. सूक्ष्मरचनेचे फोटो फाईलला लावूनही घेतले नाहीत. ‘आमच्या फॉर्ममध्ये तो रकाना नाही’ म्हणे. रकाना नाही म्हणून छिद्र नाही?

ऑर्डरवरच लिहा : टेस्ट बार प्रत्यक्ष कास्टिंगच्या सर्वांत जाड भागातून कापायचा. मायक्रोग्राफ (सूक्ष्मदर्शकातला फोटो) मागा, तोही तुम्ही दाखवाल त्या जागेचा. ओतण्याआधीची डेन्सिटी इंडेक्सची (रसात वायू किती, हे दाखवणारा आकडा) नोंद मागा. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून हुरळू नका, ऑक्साइडची पातळ पटलं त्यात सहसा सुटतात. आणि आगाऊ पूर्ण रक्कम कोणालाच देऊ नका. तुटलेला तुकडा साक्षीदारांसमोर सील करूनच कापायला पाठवा.

उरलेले २०९ लिव्हर मी यंत्रावर चढवणार नाही. ते सीलबंद आहेत. ज्याला तपासायचे असतील त्याने यावं, हव्या त्या जागी कापून देतो.