"गोळीशिवाय एडीएचडी घालवतो" म्हणून ७२ हजार घेतले, पालकांनो पैसे भरायच्या आधी हे वाचा

ज्यांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चुळबूळ), ऑटिझम किंवा लर्निंग डिसेबिलिटी सांगितलीये आणि घरात न्यूरोफीडबॅकचं, म्हणजे मेंदूच्या लहरी स्क्रीनवर दाखवून त्या बदलायच्या ट्रेनिंगचं, पॅकेज घ्यावं का याची चर्चा चाललीये, त्यांच्यासाठी लिहितेय. सेंटरचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, आणि तशीही ही एका सेंटरची गोष्ट राहिलेली नाही, पुण्यात, ठाण्यात, नाशकात कुठेही याच पद्धतीने विकलं जातंय.

आमचा मुलगा दुसरीत असताना बालमानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं निदान करून मेथिलफेनिडेट ही लक्ष टिकण्यासाठीची गोळी सुरू केली होती. फरक दिसत होता, फळ्यावरचं उतरवून घ्यायला लागला होता, पण भूक गेली, डबा जसाच्या तसा परत यायचा, आणि सासूबाईंचं रोज एकच, एवढ्याशा लेकराला डोक्याची गोळी कशाला देताय. अशात मोबाईलवर जाहिरात दिसायला लागली, "औषध नाही, साइड इफेक्ट नाही, मेंदूला ट्रेनिंग द्या". पहिलं कन्सल्टेशन फ्री होतं म्हणून गेलो.

तिथे पाऊण तास फक्त गोळीबद्दलच बोलत होते. सवय लागते, वाढ खुंटते, मूल झोम्बी होतं, सगळं ऐकवून झालं. भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं हे त्रास खरेच आहेत, आमच्या डॉक्टरांनी ते पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि म्हणून दर वेळी वजन-उंची मोजतात. पण ते बघून डोस कमी-जास्त करता येतो, वेळ बदलता येते, नाहीतर अ‍ॅटोमोक्सेटिनसारखं दुसरं औषध आहे, यातलं काहीही तिथे सांगितलं नाही. आधी आईबापाला पुरतं घाबरवायचं आणि मग पॅकेज पुढे करायचं.

मग ब्रेन मॅप. डोक्यावर टोपी घालून ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढला आणि रंगीत छापील रिपोर्ट हातात दिला, कपाळाच्या भागात लालभडक. म्हणाले थीटा लहरी जास्त, बीटा कमी, हा रेशो बिघडलाय म्हणजेच एडीएचडी, आणि हे निदान अमेरिकेत एफडीए (तिथली औषधं-यंत्रांना परवानगी देणारी सरकारी संस्था) अप्रूव्ह्ड आहे. नंतर शोधलं तेव्हा कळलं की २०१३ मध्ये एफडीएने या रेशोवर चालणाऱ्या एका यंत्राला परवानगी दिली होती ती फक्त डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणून, एकट्या रेशोवरून निदान करायला नाही आणि उपचाराला तर नाहीच नाही. २०१६ मध्ये अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीनेही सांगितलं की नेहमीच्या तपासणीच्या जागी हा रेशो वापरू नका. आणि आमचा तो रिपोर्ट नीट वाचला तर तिसऱ्या पानावर माझ्या मुलाचा उल्लेख इंग्रजीत "शी" (she, म्हणजे ती) असा, सलग दोन परिच्छेद. कुठल्यातरी मुलीच्या रिपोर्टचा मजकूर उचलून चिकटवलेला होता. विचारलं तर "टायपिंग मिस्टेक आहे मॅडम" म्हणाले.

नासाचं नाव पण घेतात बरं का, ते एका जुन्या प्रयोगावरून. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन नावाच्या शास्त्रज्ञाने मांजरांवर प्रयोग केले, मेंदूची ठराविक लहर वाढवायचं ट्रेनिंग दिलेल्या मांजरांना रॉकेटच्या इंधनातल्या विषारी रसायनाने येणारी फिट उशिरा आली. संशोधन खरं आहे, पण ते फिटचं आहे, आपल्या मुलाचं वर्गात लक्ष लागण्याशी त्याचा काय संबंध?

४० सेशनचं पॅकेज, सेशनला १८०० रुपये, म्हणजे ७२ हजार, नो कॉस्ट ईएमआयवर. सेशन म्हणजे डोक्याला पांढरी पेस्ट लावून एक सेन्सर, कानाच्या पाळ्यांना दोन क्लिपा, आणि समोर स्क्रीनवर गाडी. लक्ष असलं की गाडी पळते, गेलं की थांबते असं सांगितलेलं. डॉक्टर म्हणून जे पहिल्या दिवशी बोलले ते परत दिसलेच नाहीत, त्यांची पीएचडी कुठल्या विषयातली ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. सेशन घ्यायला एक मुलगी होती, वागायला चांगली होती बिचारी, पण एका वेळी तीन मुलं तीन स्क्रीनवर बसवून ती रिसेप्शनचे फोनही घ्यायची. एकदा मी आत बसले होते, मुलाने कान खाजवला आणि क्लिप निघून त्याच्या मांडीवर पडली, आणि गाडी पळतच होती. तो खुर्चीत वळून माझ्याशी बोलतोय, क्लिप मांडीवर, आणि स्क्रीनवर पॉइंट वाढतायत. नंतर मी वाचलं की जबडा आवळला, कपाळ ताणलं तरी स्नायूंचा सिग्नल ईईजीत मिसळतो आणि तो नीट गाळला नाही तर यंत्र त्यालाच बीटा समजू शकतं. म्हणजे मूल नक्की काय शिकत होतं कोण जाणे.

आता मुख्य गोष्ट, आणि प्लीज ही लक्षात घ्या. दर १० सेशननंतर आम्हाला एक फॉर्म भरायला द्यायचे, लक्ष किती लागतं, चुळबूळ किती, ० ते ३ मार्क. आमचे आकडे खरंच सुधारत गेले! ते आकडे ग्राफ करून आम्हालाच दाखवायचे आणि पुढच्या पॅकेजचं बोलायचे. पण शाळेत आम्ही यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं, आणि पालकसभेत वर्गशिक्षिका बाईंनी वह्या पुढे ठेवल्या तर तारखेनुसार सगळं अर्धवट, गणिताच्या वहीत नुसती उदाहरणाची पहिली ओळ. बाई म्हणाल्या, "मधे छान चाललं होतं त्याचं, आता परत पहिल्यासारखं झालंय, काही बदललं का घरी?" ज्या बाईंना काही माहीत नव्हतं त्यांना बदल दिसला तो वाईटच.

आणि हेच मोठ्या संशोधनात निघालंय. अमेरिकेत ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनात ७ ते १० वयाच्या १४४ मुलांवर चाचणी झाली, २०२१ ला छापून आली. काही मुलांना खरं न्यूरोफीडबॅक, बाकीच्यांना तसंच दिसणारं खोटं, म्हणजे स्क्रीन चालायची ती आधी रेकॉर्ड केलेल्या दुसऱ्याच मुलाच्या ईईजीवर. कोणाला काय मिळतंय हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना माहीत नाही. ३८ सेशननंतर दोन्ही गटांतली मुलं सुधारली, आणि जवळपास सारखीच. म्हणजे नियमित जाणं, कोणीतरी कौतुक करणं, आईबापाची आशा, यांनी फरक पडतो, पण लहरींच्या ट्रेनिंगचा वेगळा असा फायदा दिसला नाही. २०२४ च्या शेवटी जामा सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात ३८ चाचण्या एकत्र करून पाहिलं तर तिथेही तेच, मुलाला खरा उपचार मिळतोय की नाही हे मार्क देणाऱ्याला माहीत नसण्याची शक्यता होती तिथे एडीएचडीच्या लक्षणांत सांगण्यासारखा फायदा नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये पण ईईजी बायोफीडबॅक (न्यूरोफीडबॅकचंच दुसरं नाव) हे पुरेसा पुरावा नसलेल्या किंवा फारसा उपयोग न दिसलेल्या उपायांच्या यादीत आहे.

पैशांपेक्षा मला जास्त राग येतो तो गोळी बंद करायला लावल्याचा. "औषध चालू असेल तर लहरी दबतात, ट्रेनिंग लागू होत नाही," असं सांगून बंद करायला लावली, आमच्या डॉक्टरांना न विचारता. ही गोळी शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या औषधांच्या सरकारी यादीतली आहे, स्पेशल प्रिस्क्रिप्शनशिवाय मेडिकलवाला देत नाही, आणि ज्याची डिग्री कसली तेही माहीत नाही असा माणूस ती तोंडी बंद करतो! वर्षाचा अर्धा अभ्यास गेला, आणि मित्र "हा मठ्ठ आहे" म्हणायला लागले ते वेगळंच. आता परत गोळी सुरू आहे, कमी डोसने, सकाळी पोटभर नाश्त्यानंतर, सोबत आम्हा दोघांना पेरेंट ट्रेनिंग, आणि बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवलंय. डबा अजून अर्धा येतो, पण संध्याकाळी घरी भरपूर जेवतो, वजन ठीक आहे.

रिफंड मागितला तेव्हा पावती पुढे केली. त्यावर "ब्रेन फिटनेस ट्रेनिंग, नॉन-रिफंडेबल" असं छापलेलं, एडीएचडी हा शब्दच नाही. जाहिरातीत एडीएचडी बरा, पावतीवर फिटनेस. आणि सेशन बंद केले तरी ईएमआय कापला जातोच, कारण फायनान्स कंपनीने त्यांना आधीच सगळे पैसे दिलेले असतात. तेव्हा ईएमआयच्या फॉर्मवर सही करायच्या आधी पावतीवर काय लिहिणार ते बघा. उपचार करणारी व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणत असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा सीआरआर (नोंदणी) नंबर मागा, तो वेबसाइटवर तपासता येतो, खरा माणूस लगेच देतो, चिडत नाही. आणि फॉर्म भरून सुधारणा मोजणार असतील तर एक कॉपी शाळेतल्या बाईंना द्या, काही न सांगता.

आमच्यासारखे आधीच अडकला असाल तर जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅप चॅट, पावत्या सगळं आजच सेव्ह करा, नंतर जाहिराती काढून टाकतात, आमच्या केसमध्ये काढल्याच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार होते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत २ वर्षं. आमची दाखल झालीये, त्यांनी उत्तरात लिहिलंय की आम्ही कधी आजार बरा करतो म्हटलंच नाही, आणि आमच्याकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉट आहे.