दहा महिने स्कॅनर वापरल्यावर: पोकलेनच्या धुराच्या सेन्सरचे दोष शोधताना आलेला अनुभव

पोळ्याच्या आठवड्यात मी अवजड यंत्रांतले दोषांचे कोड वाचणारा, हातात धरायचा स्कॅनर विकत घेतला आणि आता मृग लागला आहे. जालना जिल्ह्यात माझ्या टायरवर चालणाऱ्या दोन पोकलेन आणि एक लोडर कामावर असतात. नाल्यांची खोदाई, शेततळी आणि उन्हाळ्यात तलावांतला गाळ, अशी त्यांची वर्षभराची कामे आहेत. स्कॅनरचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीतले बहुतेक स्कॅनर यंत्रातले संगणक आपसांत बोलतात ती जे१९३९ हीच भाषा वाचतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सर्वांनाच लागू पडते.

१ एप्रिल २०२१ पासून टायरवरच्या बांधकाम यंत्रांना सीईव्ही स्टेज ४ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले. ५६ किलोवॅटच्या वरच्या इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइडची (नॉक्स) मर्यादा एका किलोवॅट-तासाला ०.४ ग्रॅम इतकी कडक झाली, म्हणून सायलेन्सरच्या जागी धुरात युरियाचे द्रावण फवारून नॉक्स कमी करणारी एससीआर यंत्रणा आली. तिच्या मागे-पुढे दोन नॉक्स सेन्सर, तापमानाचे सेन्सर आणि युरियाच्या टाकीत पातळी व गुणवत्ता मोजणारा सेन्सर असतो. यांपैकी कोणीही चुकीचा आकडा दिला की दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केल्यास काही तासांनी इंजिनाची ताकदच कमी केली जाते. ऐन हंगामात असे झाले की दिवसाचे भाडे बुडते आणि शेतकऱ्याला दिलेला शब्दही मोडतो.

स्कॅनर येण्यापूर्वी आमची पद्धत सोपी आणि महाग होती. दिवा लागला की मिस्त्री कोड वाचून घेत असे, कोडात ज्या सेन्सरचे नाव येईल तो सेन्सर आम्ही बदलत असू. कोड दोष कुठे जाणवला ते सांगतो, दोष कशात आहे ते सांगत नाही, हे मला एक नवा कोरा नॉक्स सेन्सर विनाकारण बसवल्यानंतर कळले.

तो प्रसंग सविस्तर लिहितो. मार्चमध्ये पहिल्या पोकलेनवर एसपीएन ३२२६, एफएमआय ९ हा कोड आला. एसपीएन कोणता भाग ते सांगतो आणि एफएमआय दोषाचा प्रकार. ३२२६ म्हणजे एससीआरच्या पुढचा, धूर बाहेर पडण्याच्या बाजूचा नॉक्स सेन्सर, आणि ९ म्हणजे त्याच्याकडून संदेश वेळेवर येत नाही. मी सेन्सर बदलला, दोन दिवस दिवा विझला आणि तिसऱ्या दिवशी अंबड तालुक्यातल्या एका पाझर तलावावरून ऑपरेटरचा फोन आला, ‘‘मालक, तोच दिवा पुन्हा लागलाय, मशीन दम धरीना.’’ त्या दिवशी मी स्कॅनरबरोबर मल्टिमीटर आणि गाडीच्या दिव्याचा २४ व्होल्टचा बल्ब घेऊन गेलो. चावी चालू करून सेन्सरच्या कपलरमध्ये मीटर लावले तर पूर्ण २४ व्होल्ट दिसत होते, म्हणजे कागदावर सगळे ठीक होते. मात्र त्याच दोन पिनांवर बल्ब जोडला तेव्हा त्याची तार नुसती लालसर झाली. सप्लायची पिन आणि चेसिस यांच्यामध्ये बल्ब लखलखीत पेटला, तर बॅटरीचे अधिक टोक आणि कपलरची अर्थची पिन यांच्यामध्ये पुन्हा मंद झाला. दोष अर्थिंगमध्ये होता. वायर धरून मागे गेलो तर चेसिसवरचा बोल्ट काळ्या मातीच्या पापुद्र्याखाली दडलेला होता आणि त्याखालचा लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, हिरवा पडलेला होता. पॉलिश पेपरने घासून आवळल्यावर दिवा विझला. नॉक्स सेन्सरचे टोक आतल्या हीटरने सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवले जाते, त्यामुळे तो चांगला करंट ओढतो, आणि गंजलेली जोडणी नेमकी तेव्हाच उघडी पडते. काढून ठेवलेला जुना सेन्सर मी परत बसवला, तो आजही बिनतक्रार चालतो आहे.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, ती या दहा महिन्यांतली सर्वांत उपयुक्त ठरली. पहाटे इंजिन रात्रभर थंड झालेले असताना, ते सुरू न करता, फक्त चावी चालू करून सर्व तापमान सेन्सरचे चालू आकडे वहीत लिहून घ्यायचे. हवा, पाणी, एससीआरच्या आधीचा आणि नंतरचा धूर, सगळे आकडे त्या वेळच्या हवेच्या आसपास असले पाहिजेत. एखादा एकटाच ३० अंशांनी पुढे गेला असेल तर तो कोड येण्याआधीच ओळखू येतो. नॉक्स सेन्सर मात्र सुरू झाल्यावर काही मिनिटे आकडाच देत नाही, कारण धुरातल्या पाण्याचा थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडला तर ते तडकते, म्हणून पाइप कोरडा होईपर्यंत तो थांबतो. ही थांबण्याची वेळ बिघाड समजून सेन्सर काढणारे मिस्त्री मी पाहिले आहेत.

दुसऱ्या पोकलेनवर एसपीएन ४३६४ आला, म्हणजे एससीआरची कार्यक्षमता कमी. येथे स्कॅनरचे चालू आकडे फार कामी आले. आधीच्या आणि नंतरच्या नॉक्सचे आकडे जवळजवळ सारखेच होते, याचा अर्थ दोन्ही सेन्सर एकमेकांशी जुळत होते आणि युरियाच पोचत नव्हता. फवारणीच्या नोझलवर पांढरे खडे साचलेले होते, ते कोमट पाण्यात विरघळले. ही पोकलेन नाल्याच्या कामावर बराच वेळ नुसती चालू उभी राहत असे, त्यामुळे धूर पुरेसा तापत नव्हता आणि युरिया वाफ होण्याऐवजी थिजत होता. उलट, युरिया जास्त फवारला गेला तर सुटलेला अमोनियाही नॉक्स सेन्सरला नॉक्सच वाटतो, हे ध्यानात ठेवावे.

मराठवाड्याच्या उन्हाचा येथे थेट संबंध आहे. आयएसओ २२२४१ या मानकाप्रमाणे द्रावणात युरियाचे प्रमाण ३२.५ टक्के असावे लागते आणि ३५ अंशांवर साठवल्यास ते सुमारे ६ महिनेच टिकते. आमचे युरियाचे कॅन पत्र्याच्या शेडमध्ये असत आणि मे महिन्यात तेथे हात लावता येत नसे. आता ते मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवतो आणि टाकीत ओतण्याआधी द्रावणातले युरियाचे प्रमाण दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब तपासतो.

स्कॅनरच्या उणिवाही स्पष्ट आहेत. दुपारच्या उन्हात त्याचा पडदा अजिबात वाचता येत नाही, चादर डोक्यावर घ्यावी लागते. काही कंपन्यांचे खास कोड तो नुसत्या आकड्यांत दाखवतो, आणि युरिया फवारणीची चाचणी माझ्या तीनपैकी एकाच यंत्रावर चालते. ताकद कमी झालेली पोकलेन पूर्ववत करण्यासाठी एकदा अधिकृत माणूस बोलवावाच लागला. मात्र दोन नॉक्स सेन्सरच्या किमतीत आलेल्या या वस्तूने तेवढे पैसे केव्हाच वाचवले आहेत.

स्कॅनर यंत्राशी बोलतच नसेल तर त्याला दोष देण्याआधी बॅटरी बंद करून, स्कॅनर जोडतो त्या ९ पिनांच्या कपलरच्या सी आणि डी पिनांमध्ये रोध मोजावा. संदेश वाहणाऱ्या लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून दोन्ही मिळून ६० दिसतात. ६० ओहम आले तर लाइन शाबूत आहे. लोडरवर मला १२० आले होते. बकेटचे दात बॅटरी न सोडवताच वेल्ड केल्यानंतरची ती गोष्ट, आणि एका टोकाचा रेझिस्टर गेलेला निघाला.

‘सगळे सेन्सर बंद करून देतो’ असे सांगणारे लोक गावोगाव फिरतात. मी त्यांना दारात उभे करत नाही, कारण तो धूर दिवसभर माझ्याच ऑपरेटरच्या नाकात जातो, आणि एकदा कापलेले वायरिंग पुन्हा जुळवताना पुढच्या मालकाला काय सोसावे लागते ते मी जुन्या यंत्रावर पाहिले आहे.