टबात कोण: युट्रिक्युलेरिया की अल्ड्रोव्हांडा?

भाचीला अकरावीच्या प्रकल्पासाठी पाण्यातली कीटकभक्षी वनस्पती गच्चीवर वाढवायची आहे आणि ती या दोघींत अडकली आहे. मुळं दोघींनाही नाहीत. दोघी तरंगतात आणि पाण्यातली नत्र-स्फुरदाची तूट शिकारीने भरून काढतात.

सापळा मात्र वेगळा. अल्ड्रोव्हांडाची पानं चाकाच्या आऱ्यांसारखी, टोकाला शिंपल्यासारख्या दोन पाळ्या. आतल्या केसांना किडा लागला की त्या मिटतात. मला जास्त थक्क करतो तो युट्रिक्युलेरियाचा फुगा. भिंगाखाली बघा: ज्वारीच्या दाण्याहून लहान, बाजूंनी आत दबलेला. आतलं पाणी बाहेर टाकून तो स्वतःला ताणून ठेवतो. दारावरच्या केसाला धक्का लागताच दार आत उघडतं आणि किडा पाण्यासकट ओढला जातो, एका मिलिसेकंदाच्या आत! अर्ध्या तासात फुगा पुन्हा सज्ज.

सोलापुरात बोअरचं जड पाणी दोघींनाही नको, पावसाचं साठवा. अल्ड्रोव्हांडा शेवाळ सोसत नाही, शिवाय जगभर दुर्मीळ झाली आहे. रोज निगा राखणाऱ्या जाणत्या माणसानेच ती वाढवावी. भाचीच्या प्रकल्पाला सावलीतल्या टबात युट्रिक्युलेरियाच बरी.