इंटरव्ह्यूची तयारी: क्लास लावावा की आपली चार माणसं जमवावीत?

इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं की हातात जेमतेम आठ-दहा दिवस असतात. तेवढ्यात क्लासची फी भरायची की मित्रांना घेऊन घरीच तयारी करायची, हे ठरवण्याआधी समोर कोण बसणार आहे ते बघा. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातले शॉप फ्लोअरवरचे साहेब, बँकेचं पॅनेल, की पुण्याहून लॅपटॉपवर बोलणारा एचआर? तिघांची तयारी एकसारखी नसते.

क्लासमध्ये अनोळखी माणसासमोर न अडखळता बोलायची सवय लागते. घरात ती लागत नाही, कारण मित्रासमोर घाम फुटत नाही. इंग्रजीत दोन वाक्यं सलग बोलताना घसा कोरडा पडत असेल, तर क्लासचे पैसे वसूल होतात. पण अख्ख्या बॅचला ‘माझी कमजोरी’ या प्रश्नाचं एकच उत्तर पाठ करून दिलेलं असतं, ही अडचण फार मोठी आहे. समोरच्या माणसाने ते सकाळपासून दहा जणांकडून ऐकलेलं असतं. शिवाय पाठ केलेलं उत्तर पहिल्या प्रश्नाला पुरतं. निवड होते ती दुसऱ्या प्रश्नावर.

फौंड्रीतल्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यातल्या, क्वालिटी विभागाचंच घ्या. ‘ब्लोहोल म्हणजे काय?’ याला कुणीही सांगेल, गॅस अडकून कास्टिंगमध्ये (ओतून तयार केलेल्या भागात) पडलेली पोकळी. मग टेबलावर एक फुटका तुकडा येतो: ‘हे ब्लोहोल आहे की श्रिंकेज?’ ब्लोहोल आतून सहसा गोलसर आणि गुळगुळीत असतं, श्रिंकेजची पोकळी खडबडीत, वेडीवाकडी. त्यापुढे ‘कशामुळे झालं?’ साच्याच्या वाळूत ओल जास्त असेल किंवा गॅसला बाहेर पडायला वाट नसेल, तर ब्लोहोल. धातू गोठताना आकसतो, तेव्हा रायझरकडून (साच्यातल्या जादा धातूच्या साठ्याकडून) भर कमी पडली तर श्रिंकेज. हे नोट्समध्ये वाचून लक्षात राहत नाही. तुकडा हातात घेऊन पाच मिनिटं बघितला की राहतं. कोल्हापुरात तो दाखवणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. उद्यमनगरात, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, पैपाहुण्यांत कुणी ना कुणी असतोच. त्याला एका रविवारी चहाला बोलवा आणि म्हणा, ‘दादा, मला साहेबांसारखे प्रश्न विचार, सोडू नकोस.’ या नोकरीसाठी मी डोळे झाकून हाच मार्ग सांगेन.

फक्त गटात असा एक तरी अनुभवी माणूस हवाच. सगळेच नवखे असले तर चुकीचं उत्तरही सगळ्यांना बरोबर वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी बैठक गप्पांवर येते.

बँकेच्या बाबतीत पारडं क्लासकडे झुकतं, पण पूर्ण नाही. बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेत मुख्य परीक्षा आणि इंटरव्ह्यू यांचं वजन 80:20 असतं, त्यामुळे पॅनेलसमोरचा सराव खरंच कामाला येतो. क्लार्कला मात्र इंटरव्ह्यूच नसतो. केंद्र सरकारच्या गट क आणि गट ब अराजपत्रित पदांसाठीही 1 जानेवारी 2016 पासून मुलाखत बंद आहे. त्या पोरांनी इंटरव्ह्यूच्या बॅचला पैसे घालू नयेत, लेखीवरच जोर द्यावा.

पीओच्या पॅनेलला गावाबद्दल विचारायला आवडतं. कोल्हापूर म्हटल्यावर अंबाबाई, रंकाळा, चप्पल, गूळ हे सगळेच सांगतात. पुढचा प्रश्न असा येऊ शकतो: ‘शेतकऱ्याचा ऊस कारखान्याला गेल्यावर बिल किती दिवसांत मिळायला हवं?’ कायद्याने 14 दिवसांत. ते लांबलं तर सोसायटीच्या कर्जाचं काय होतं, हे करवीर-कागलच्या घराघरांत माहीत असतं. क्लासमध्ये बोलायचं कसं ते शिका, बोलायचं काय ते चुलत्याला विचारा.

पुण्याच्या कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू असेल, तर दोन्ही नसले तरी चालतं. आपली उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, उजेड तोंडावर येईल असं बसा, लाइट जाईल म्हणून मोबाइलचा डेटा तयार ठेवा.

तरीही क्लास लावायचं ठरलंच, तर फी भरण्याआधी तिथे तीन गोष्टी विचारा. मॉक इंटरव्ह्यू एकट्याचा होतो की गटात? घेणाऱ्याने स्वतः त्या क्षेत्रात नोकरी केली आहे का? आणि माझ्या उत्तरावर तो उलट प्रश्न विचारतो का? तिसऱ्याचं उत्तर गोलमाल आलं, तर फी खिशातच ठेवा आणि दादाला फोन लावा.