कूलर की एसी?

हवा कोरडी असेल तर मला कूलरच पटतो. पंखा ओल्या जाळीतून बाहेरची हवा ओढतो, पाण्याची वाफ होते आणि तिला लागणारी उष्णता त्या हवेतूनच जाते. एक लिटर पाणी उडालं की अर्ध्या युनिट विजेहून जास्त उष्णता शोषली जाते. मोटर मात्र साधारण २०० वॉटची. अट एकच: समोरची खिडकी उघडी हवी. बरेच जण दारं-खिडक्या लावून बसतात, मग खोलीत दमट हवा कोंडते, अंग चिकट होतं आणि दोष कूलरला.

दमट हवेत मात्र कूलरचा उपयोग जवळजवळ शून्य. तिथे एसी हवाच. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर विजेच्या बिलाकडे बघत बसू नये. दीड टनाचा एसी दीड किलोवॉटच्या आसपास वीज घेतो. २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावला तर खर्च बराच कमी होतो. पण एसी आतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीकडे फेकतो, हे मला खटकतं.

छतावर सौर पॅनेल असेल तर दुपारचा एसी उन्हावरच भागतो, रात्रीचा नाही. कूलर लहान बॅटरीवरही बराच वेळ चालतो.

आणि ज्यांना दोन्ही परवडत नाही त्यांचं काय? मत मागायला येणाऱ्याला मी हेच विचारणार: रस्त्यावर झाडं कधी लावणार, आणि भर उन्हाळ्यात वीज का जाते?