गणितज्ञांचा तक्ता: घ्या, पण शून्य तुम्हीच लिहा

दारव्ह्याच्या बाजारातून शाळेसाठी भारतीय गणितज्ञांचा रेक्झिनचा तक्ता आणला, १८० रुपयांना. भाव कमी केला नाही, टांगायची दोरी तेवढी फुकट. माल मजबूत आहे. आमच्या वर्गाची भिंत श्रावणात ओल धरते, कागदी तक्ते दिवाळीपर्यंत टिकत नाहीत. ह्याला काही झालं नाही. छपाई मागच्या बाकावरूनही वाचता येते.

तक्रार आहे ती जागेच्या वाटणीबद्दल. अर्धा तक्ता रामानुजन यांचा. तो त्यांचा मानच आहे. त्यांच्या जन्मदिवशी, २२ डिसेंबरला, देशभर गणित दिवस होतो. पण आपले द. रा. कापरेकर खाली कोपऱ्यात, पासपोर्टएवढ्या फोटोत! जन्म डहाणूचा, १९०५ चा. नोकरी देवळालीच्या शाळेत मास्तरकीची, १९६२ ला निवृत्त. ६१७४ या आकड्याची गंमत (ती खाली सांगतो) त्यांनी १९४९ मध्येच मांडली होती. जगभर नाव झालं ते १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा. म्हणजे पेन्शन सुरू झाल्यावर! तक्त्यावर या माहितीतलं एक अक्षर नाही, फोटोशेजारी नुसती ६१७४ ची कृती.

आणि पोट्टे उभे राहतात ते नेमके त्याच कोपऱ्याशी. रामानुजनांचं गणित चौथीला काय दाखवणार? कापरेकरांना नुसती वजाबाकी लागते. चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेले वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच. फाट्यावर थांबलेल्या एसटीचा नंबर पोरांनी आणला, ५९४२. ९५४२ वजा २४५९, आले ७०८३. मग ८३५२. मग ६१७४, आणि पुढं कितीही करा, ६१७४ च. हातच्याच्या वजाबाकीला एरवी तोंड वाकडं करणारे आता सरपंचांच्या ट्रॅक्टरचाही नंबर घेऊन येतात. जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं.

इथंच तक्त्यानं घोळ घातलाय. 'कोणतीही चार अंकी संख्या घ्या' असं छापलंय. ४४४४ घेतली की पहिल्याच फटक्यात शून्य. निदान एक अंक तरी वेगळा हवा. एका पोरीनं २१११ घेतली. २१११ वजा १११२, ९९९. तिनं ९९९ मधून ९९९ वजा केले अन् म्हणाली, "सर, माह्यं तं शून्यच आलं नं बाप्पा!" ते ०९९९ धरायचं, म्हणजे ९९९० वजा ०९९९, असं कुठंच लिहिलेलं नाही. तसं केल्यावर ८९९१, ८०८२, ८५३२ करत तिचीही गाडी ६१७४ ला लागली. छापणाऱ्यानं स्वतः एकदा करून पाहिलं असतं तर ही ओळ सुटली नसती.

पाचपैकी साडेतीन तारे. तिसरी-चौथीला बिनधास्त घ्या, फक्त टांगायच्या आधी त्या कोपऱ्यात ऑइलपेंटनं '०९९९' लिहून टाका. वरच्या वर्गांना यात फोटोंपलीकडे फारसं काही नाही.