रक्तविकार विभाग : दिवसाचा आणि रात्रीचा अनुभव

पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या रक्तविकार विभागात माझ्या वडिलांवर चार वर्षांपासून क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे (रक्ताच्या एका कर्करोगाचे) उपचार चालू आहेत. या आजाराच्या गोळ्यांविषयी बरीच माहिती मिळते. मात्र रक्तस्राव होऊ लागला तर काय पाहायचे आणि कोणाला गाठायचे, हे वेळ येईपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्याविषयीच आहे.

बाबांना सुरुवातीला इमॅटिनिब ही गोळी होती आणि तिचा पुरेसा गुण न आल्याने डासाटिनिब 100 मिलिग्रॅम, दिवसाला एक, अशी सुरू झाली. दुसऱ्या महिन्यात दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि पोटऱ्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके उठले. आम्हाला ते घामोळे वाटले. बाह्यरुग्ण विभागातील सिस्टरांनी एका ठिपक्यावर अंगठा दाबला, सोडला आणि पुन्हा दाबला. तो जराही फिका पडत नाही, म्हणजे त्वचेखाली रक्त उतरले आहे, हे पाहून त्यांनी, आमचा नंबर यायला बराच अवकाश असतानाही, आम्हाला थेट डॉक्टरांकडे नेले. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातील पेशी, 38 हजारांवर आल्या होत्या. त्या 50 हजारांच्या खाली गेल्यामुळे गोळी त्याच दिवशी बंद झाली आणि आठवड्याने 64 हजार झाल्यावर पुन्हा सुरू झाली. रक्तस्राव किरकोळ असल्याने प्लेटलेटची पिशवी लावण्याची गरज नाही, हे डॉक्टरांनी घाई न करता समजावून सांगितले, याचे मला विशेष वाटते.

तपासणीसाठी रक्त घेतल्यावर येथे कापसाचा बोळा रुग्णाच्या हाती देऊन पुढच्याला बोलावत नाहीत. घड्याळ लावून पूर्ण पाच मिनिटे दाब धरतात. दर भेटीत नाक, हिरड्या, लघवी आणि शौच यांविषयी विचारतात, आणि अंगदुखीसाठी परस्पर कोणती गोळी घेतली का, हेही खोदून विचारतात, कारण अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन अशा रुग्णाला महागात पडू शकते. पित्ताची नेहमीची पँटोप्राझोल डासाटिनिबचे शोषण कमी करते, हेही आम्हाला येथेच कळले.

रात्रीचा अनुभव मात्र वेगळा आहे. गेल्या वर्षी बाबांना शौचावाटे रक्त पडू लागले, म्हणून रात्री अकराच्या सुमारास आम्ही याच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेलो. तेथील डॉक्टरांनी अहवालात प्लेटलेट 1 लाख 80 हजार पाहिल्या आणि मूळव्याध असेल असे सांगून आम्हाला घरी पाठवले. सकाळपर्यंत हिमोग्लोबिन 11 वरून 8.4 वर उतरले होते. डासाटिनिबमुळे प्लेटलेटची संख्या पुरेशी असली तरी त्या एकमेकींना नीट चिकटत नाहीत, त्यामुळे केवळ आकड्यावर विसंबता येत नाही, ही गोष्ट रक्तविकार विभागातील प्रत्येकाला माहीत आहे. दोन मजले खाली, रात्रीच्या पाळीत, ती पोहोचलेली नव्हती. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि रक्त झिरपणाऱ्या जागा दिसल्या. गोळी थांबवली, रक्ताची एक पिशवी द्यावी लागली, आणि आतडे बरे झाल्यावर मात्रा 80 मिलिग्रॅमवर आणली गेली.

मी लेखी तक्रार दिली, तेव्हा विभागप्रमुखांनी बोलावून घेऊन शांतपणे ऐकले. आता अशा रुग्णांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर औषधाचे नाव आणि ‘प्लेटलेट पुरेशा असल्या तरी रक्तस्राव संभवतो’ अशी लाल अक्षरांतील सूचना असते. रात्री रक्तविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलणे व्हावे, अशी सोय मात्र अजून नाही. दिवसाच्या सेवेसाठी मी हा विभाग कोणालाही निःशंकपणे सुचवेन. रात्री जावे लागले, तर फाइलचे ते पान उघडून डॉक्टरांच्या हातात द्यावे आणि त्यांनी ते वाचल्याशिवाय तेथून हलू नये.